गिनीपिगच्या पायाखाली काय अंथरायचं?

गिनीपिगच्या तळव्यांना केस नसतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, आणि खाली उघडी मऊ कातडी. ससा निदान केसाळ तळव्यांवर उभा असतो, गिनीपिगला तेवढंही संरक्षण नाही. त्यात त्याची उंची ती किती! जिथे लघवी करतो तिथून दोन-तीन इंचांवर त्याचं नाक असतं. म्हणून पिंजऱ्यात काय घालायचं हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघते : पाय कोरडे राहतील का आणि नाकाला त्रास होणार नाही ना. रंग, सुवास, पाकिटावरचं चित्र, हे सगळं नंतर.

माझ्याकडे बुंदी आणि मोती अशा दोघी आहेत, आणि आम्ही राहतो चिपळूणला. पावसाळ्यात इथे दोरीवरचा रुमालसुद्धा दिवसभरात वाळत नाही. बाहेरच्या देशांतल्या पाळणाऱ्यांचे सल्ले चांगले असतात, पण त्यांच्या कोरड्या हवेसाठीचे. आपल्याकडे ओल हाच मुख्य शत्रू धरून चालावं.

गिनीपिगच्या लेंड्या कडक आणि कोरड्या असतात, त्यांचा फारसा उपद्रव नाही. त्रास लघवीचा. ती साचून राहिली की जिवाणू तिच्यातून अमोनिया तयार करतात. तो आपल्याला उभ्याने जाणवेपर्यंत खाली बसलेल्या जिवाच्या छातीत कधीच गेलेला असतो, आणि या प्राण्याला न्यूमोनिया लवकर होतो. दुसरीकडे ओल्या अंथरुणावर बसून तळवे लाल होतात, मग सुजतात, मग जखम होते. डॉक्टर याला बंबलफूट म्हणतात. एकदा खोलवर गेलं की बरं व्हायला फार वेळ लागतो. वजन जास्त असेल किंवा आहारात क जीवनसत्त्व कमी पडत असेल तर धोका आणखी वाढतो. तुमच्या पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा असेल, तर पुढचं वाचण्याआधी ती जाळी काढा. काढता येत नसेल तर त्यावर सपाट पत्रा किंवा प्लास्टिकची शीट घाला.

कुठलंही अंथरूण आणलं की मी घरीच तपासते. एका वाडग्यात मूठभर घेऊन त्यावर अर्धी वाटी पाणी ओतायचं, दहा मिनिटांनी वरून कोरडा टिश्यू दाबायचा. टिश्यू भिजला तर पायही भिजणार. मग खिडकीतल्या उन्हात काळ्या कापडावर थोडं झटकायचं. उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगताना दिसली की ते नको. शेवटी झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवून सकाळी उघडून हुंगायचं. टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला तर तेही नको.

लाकडाचा भुसा सगळ्यात सहज मिळतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळा त्यातच होतो. वखारीत करवतीखाली पडतो तो बारीक भुसा पिंजऱ्यात कधीच घालू नये, तो सरळ फुफ्फुसात जातो. हवे असतात ते रंध्यातून निघणारे पातळ, कुरळे पापुद्रे. पुढे मी भुसा म्हणते तो हाच. पण तेही कोणत्या लाकडाचे हे विचारायलाच हवं. आमचे सुतारकाका मोठ्या मनाने पोतं भरून द्यायला तयार असतात. मी विचारते, “काका, यात काय काय आहे?” तर म्हणतात, “सगळंच गं, साग आहे, प्लायवूड आहे, थोडं एमडीएफ.” असं मिश्रण मी नम्रपणे नाकारते. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या) यांत फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. सागाच्या धुळीने तर सुतारांनाही खाज सुटते. देवदारासारखी सुगंधी लाकडं माणसाला छान वाटतात, पण त्यांच्या तेलांमुळे छोट्या प्राण्यांची श्वासनलिका चुरचुरते आणि यकृतावरही परिणाम होतो. पाइन घ्यायचंच तर भट्टीत वाळवलेलं घ्या, पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अॅस्पेन, म्हणजे पॉपलरच्या जातीचं लाकूड, मिळालं तर त्याहून बरं, मात्र महाग पडतं. जळणासाठी विकतात त्या पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या, घेऊ नका, त्या कशापासून केल्यात हे कळायला मार्ग नसतो.

कोकणात पुढचा प्रश्न ठरलेला : भातगिरणीतला तूस चालेल का? स्वस्त आहे, पोल्ट्रीवाले सर्रास वापरतात. प्रयोगशाळांतही वापरतात, पण तिथे तो आधी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून घेतात. गिरणीतून थेट आणलेल्या तुसात धूळ असते, कधी किडेही असतात. तूस पाणी फारसं शोषत नाही आणि त्याची टोकं टोचतात. कोंबडीच्या खवल्यांच्या पायांना ते चालून जातं, या उघड्या तळव्यांना नाही. भाताच्या पेंढ्याचंही तसंच. कडक काड्या डोळ्याला लागतात, आणि गिनीपिगचे डोळे मोठे, बाहेर आलेले. वाळलेलं मऊ गवत भरपूर द्या, पण ते खायला आणि लपायला. अंथरूण म्हणून एकट्या गवतावर भिस्त ठेवली तर खाली ओल साठते आणि वरचं गवत खाण्याजोगं राहत नाही.

आमच्याकडे पक्कं ठरलंय ते फ्लीस. थंडीत स्वस्त पांघरुणं विकायला येतात तेच कापड. फ्लीस स्वतः पाणी धरून ठेवत नाही, खाली जाऊ देतं, त्यामुळे वरचा भाग कोरडा राहतो. पण नव्या फ्लीसवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. गरम पाण्यात, साध्या साबणाने दोन-तीनदा धुवा. कापड मऊ करणारं कंडिशनर अजिबात घालू नका, त्याने पुन्हा थर चढतो. वाळल्यावर थेंब टाकून बघा, लगेच आत उतरला की कापड तयार झालं.

आता रचना. तळाला प्लास्टिक शीट किंवा ताडपत्रीचा तुकडा, त्यावर शोषणारा जाड थर, सगळ्यात वर फ्लीस. मधल्या थराला आजीच्या हातची जुनी गोधडी अगदी उत्तम, कारण जुनं सुती कापड पाणी भरपूर पितं. मात्र गोधडी वर अंथरू नका. सुती कापड वरूनही ओलंच राहतं, आणि धावदोऱ्यात नखं अडकून बोट दुखावतं. फ्लीसच्या कडा चारी बाजूंनी खाली दुमडा, नाहीतर हे प्राणी आत शिरतात आणि धागे चावतात.

रोज सकाळी छोट्या ब्रशने आणि सुपलीने लेंड्या झाडायच्या. गवत ठेवता तो कोपरा आणि लपायची खोकी यांच्याखाली सगळ्यात जास्त ओल असते, तिथे वेगळा छोटा तुकडा घालून तो रोज बदला, म्हणजे सगळं सारखं धुवावं लागत नाही. पूर्ण अंथरूण तीन-चार दिवसांनी. मशीनमध्ये टाकण्याआधी अंगणात नीट झटका, गवताने जाळी तुंबते. ट्रेवर पांढरे डाग दिसतील ते लघवीतल्या कॅल्शियमचे. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी शिंपडून दहा मिनिटांनी पुसलं की निघतात. फिनेल आणि डांबरगोळ्या पिंजऱ्याच्या आसपासही नकोत, वास कितीही येत असला तरी. वास येतोय म्हणजे अंथरूण बदलायची वेळ टळून गेली आहे.

जूनपासून मी गोधडी बाजूला ठेवते. ती वाळतच नाही, आणि अर्धवट वाळलेल्या कापडावर बुरशी धरते. गिनीपिगला नायटा झाला तर तो घरातल्या पोरांनाही होतो. त्याऐवजी पंचे, चार-सहा घड्या करून. पंचा लवकर वाळतो, अगदीच नाही तर इस्त्रीखाली घेता येतो. कापडाचे निदान तीन संच हवेत. भुसा वापरत असाल तर पोतं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका, झाकणाच्या पिंपात ठेवा. एप्रिल-मेमध्ये फ्लीस उबदार वाटतं, तेव्हा एका कोपऱ्यात कडाप्प्याची लादी ठेवते. दोघी तिच्यावर पोट टेकून पसरतात.

कागदाचं बोलायचं तर वर्तमानपत्र सगळ्यात खाली, भुशाच्या थराखाली चालतं. एकटं नाही, ते भिजतं आणि चिकटतं. कागदाच्या लगद्याचं तयार बेडिंग चांगलं, धूळ कमी, पण खर्चिक. मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे ओल लागली की बुरसतात. कोकोपीट झाडांनाच राहू दे. मांजराची गोळे होणारी वाळू पोटात गेली तर फुगते, ती कुठल्याच छोट्या प्राण्याला नको.

हॅमस्टरचं गणित वेगळं. त्याला बिळं खणायची असतात, म्हणून कागदाचं बेडिंग किंवा अॅस्पेन निदान 20 ते 25 सेंटिमीटर खोल लागतं. गिनीपिग खणत नाही, त्याला भुशाचा 5 ते 7 सेंटिमीटर थर पुरतो. हॅमस्टरच्या घरट्यासाठी विकतात तो कापूस मात्र घेऊ नका. तंतू पायाला आवळले जातात, गिळले तर आतड्यात अडकतात. बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून द्या, तो स्वतःच घरटं रचतो. ससा एका ठरलेल्या ट्रेत लघवी करायला शिकतो, त्यामुळे शोषणारं अंथरूण ट्रेपुरतं आणि बाकी ठिकाणी चटई किंवा सतरंजी घालता येते.

अंथरूण कोणतंही घ्या, आठवड्यातून एकदा प्राण्याला मांडीवर घेऊन चारही तळवे बघा. लाली, खपली, सूज दिसली तर आधी अंथरूण बदला आणि लगेच डॉक्टरांना दाखवा, हळद लावून वाट बघत बसू नका. फिकट रंगाचं फ्लीस घेण्याचा फायदाही इथेच होतो : लघवीत रक्त आलं तर त्यावर लगेच दिसतं.

वापरलेला भुसा, कागद आणि लेंड्या फेकू नका. शाकाहारी प्राण्याचं खत आहे, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात सुक्या पानांबरोबर घाला, काही महिन्यांत माती होते. फक्त नायट्यावर औषध चालू असेल तेव्हाचं अंथरूण पिशवीत बांधून वेगळं टाका आणि हात साबणाने धुवा.