कॅटामरान आणि स्नॉर्कलिंगचा पूर्ण दिवस: मॉरिशसची तयारी मुंबईतच करा

मॉरिशसला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मुंबईकराच्या प्लॅनमध्ये कॅटामरानचा एक दिवस असतोच. सकाळी नऊ-साडेनऊला निघायचं, शिडाच्या मोठ्या बोटीवर दिवसभर फिरायचं, मध्ये कुठेतरी नांगर टाकून स्नॉर्कलिंग (मास्क लावून, नळीतून श्वास घेत, पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघणं), मग जेवण, एखादं बेट आणि चारच्या सुमारास परत. पैसे बऱ्यापैकी जातात. आणि मग होतं काय, की बोटीवरचे निम्मे लोक पाण्यात उतरतच नाहीत. पोहता येत नाही, मास्कमध्ये पाणी गेलं, बोट लागली, ऊन सहन होईना, कारणं ठरलेली असतात आणि यातलं जवळजवळ प्रत्येक कारण इथे मुंबईत बसून आधी सोडवता येतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी कधी जायचं ते. मुंबई विषुववृत्ताच्या वर साधारण १९ अंशांवर आणि मॉरिशस खाली २० अंशांवर, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच पण ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा तिथे हिवाळा सुरू होत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २२-२४ अंशांपर्यंत उतरतं, अर्धा तास पाण्यात राहिलात की मुलांचे दात वाजायला लागतात, शिवाय आग्नेयेकडून जोराचा वारा असतो त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर समुद्र खवळलेला. डिसेंबर ते मार्च पाणी २७-२८ अंश, मस्त कोमट, पण नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन आणि त्यातही जानेवारी ते मार्च जास्त धोका. माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी बेस्ट, वारा पडलेला असतो आणि पाणी तापायला लागलेलं असतं. मेची सुट्टीही चालेल, फक्त पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घ्या.

मार्ग मुख्य तीन. पूर्वेला ईल ओ सेर्फची ट्रिप, ती बरीचशी प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ पाण्यातूनच जाते म्हणून लाटा कमी, लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर हीच घ्या. उत्तरेला ग्राँ बेहून क्वँ द मीरच्या बाजूने फ्लॅट आणि गॅब्रिएल बेटांकडे, इथे पाणी सुंदर आहे पण मधला टप्पा उघड्या समुद्रातला, ज्यांना गाडी लागते त्यांनी विचार करून ठरवा. पश्चिमेला तामारँ आणि ब्लॅक रिव्हरकडून डॉल्फिन, बेनिटिए बेट आणि समोर ल मोर्नचा डोंगर. डॉल्फिन बोटीवरूनच बघा असं मी मनापासून सांगेन. ते रात्रभर खोल समुद्रात शिकार करून सकाळी खाडीत विश्रांतीला येतात, आणि त्यांच्याभोवती बोटींचा गराडा घालून लोकांनी धपाधप उड्या मारणं मला बघवत नाही.

बुकिंग करताना फक्त किंमत बघू नका. पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ मिळणार, पाण्यात सोबत गाइड उतरतो का, बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं घेतात, लहान मुलांच्या मापाचे मास्क आणि लाइफ जॅकेट आहेत का, हॉटेलवरून ने-आण धरलीय का, हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस, हे सगळं विचारा आणि लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर मेसेज असला तरी पुरे. ट्रिप मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, म्हणजे वाऱ्यामुळे रद्द झाली तर पुढे ढकलायला दिवस हातात असतात, शेवटच्या दिवशी ठेवलेली गेली की गेलीच. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्नॉर्कलिंग कव्हर होतं का तेही बघा, काही पॉलिसी त्याला ॲडव्हेंचर स्पोर्ट धरतात.

आता मुंबईतली तयारी, आणि माझ्या मते खरा खेळ इथेच आहे.

मास्क स्वतःचा घ्या. बोटीवर मास्क मिळतात पण ते कुणाच्याही चेहऱ्याला नीट बसत नाहीत आणि गळका मास्क म्हणजे दिवस वाया. दुकानात ट्राय करायची पद्धत सोपी आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर, सुटला तर दुसरा बघा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, तो घ्या. अख्खा चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण मी कुणालाही घ्या म्हणणार नाही, आत पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाही आणि झडपा चांगल्या नसतील तर आपणच सोडलेली हवा परत आत घेत बसतो. नवीन मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला थर असतो, तो घरीच साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून धुऊन काढा नाहीतर काच सारखी धुरकट होते.

मग स्विमिंग पूल. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव असो, तुमच्या सोसायटीचा असो, कोचला विचारून उथळ बाजूला मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, घेऊन उतरा. पोहता येत नसलं तरी हे जमतं. पहिल्यांदा नुसतं उभं राहून, वाकून, चेहरा पाण्यात घालायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा. सुरुवातीला छातीत धडधडतं, कारण आयुष्यभर आपल्याला सवय असते की पाण्यात तोंड गेलं की श्वास बंद. मेंदूला हे पटायला थोडा वेळ लागतो, तो द्या. श्वास हळू आत आणि त्याहून हळू, लांब बाहेर. धाप लागली की उभं राहायचं, थांबायचं, परत वाकायचं. हे अंगवळणी पडलं की मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्या आणि ‘थू’ करून एका झटक्यात जोरात फुंका, पाणी वरून उडतं. मग मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड बोटांनी कपाळाला दाबून धरा, मान जरा वर करा आणि नाकाने हवा सोडा, खालून पाणी निघून जातं. या दोन गोष्टी हाताला बसल्या की नाकातोंडात पाणी जायची भीती खरंच निम्मी होते, कारण पाणी आलं तर काय करायचं ते आता माहीत असतं.

बायकांसाठी बारीकसारीक पण महत्त्वाचं: टिकली काढा, केसांची खाली सैल वेणी घाला, अंबाडा नको कारण पट्टा वर सरकतो. एक केस जरी मास्कच्या रबराखाली अडकला तरी तिथून पाणी येत राहतं. मंगळसूत्र, कानातलं हॉटेलच्या लॉकरमध्ये. पुरुषांना मिशी असेल तर ओठाच्या वर व्हॅसलिनचा पातळ थर लावा.

बोट लागते का हे मॉरिशसला जाऊन कळायची गरज नाही. गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा, शक्यतो दुपारची, कारण दुपारी वारा सुटतो आणि बोट हलते. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा त्या हिशोबाने आधी करा. पोटात ढवळायला लागलं तर डॉक्टरांना विचारून एव्होमिनसारखी गोळी घ्या, आणि ती गोळीही आधी इथेच घेऊन बघा कारण काहींना तिने प्रचंड झोप येते आणि झोपाळलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये. गोळी निघायच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. बाकी आलेपाक खिशात ठेवा. सकाळी उपाशी निघू नका आणि गच्च खाऊनही नको, टोस्ट-केळं बास. बोटीवर मोबाइलमध्ये डोकं घालू नका, आत केबिनमध्ये जाऊन बसू नका, मागच्या बाजूला मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघा.

कॅटामरानला होडीसारखे दोन समांतर सांगाडे (हल) असतात म्हणून ती साध्या बोटीपेक्षा कमी डोलते, हा तिचा फायदा. पुढे दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळी ताणलेली असते, फोटोसाठी सगळे तिकडेच धावतात. तिथे खालून पाणी उडतं आणि सावली अजिबात नसते. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कळतं की पाठ भाजून निघालीय. स्नॉर्कलिंगमध्ये तर आपण पालथे असतो, त्यामुळे मान, पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, हे सगळ्यात जास्त भाजतं. पूर्ण बाह्यांचा स्विमटॉप आणि लेगिंग्ज घाला, तेवढं सनस्क्रीन कमी लागतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं घ्या, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं नको, प्रवाळांना त्रास होतो म्हणून हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनची विक्रीच बंद केलीय.

पाण्यात उतरायची वेळ आली की घाई करू नका. लाइफ जॅकेटची सगळी बक्कलं घट्ट लावा, सैल असेल तर ते पाण्यात कानापर्यंत वर येतं. मास्कच्या काचेवर आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळा आणि विसळा, वाफ धरत नाही. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, बोटीच्या पायरीवर बसून घाला, आणि चालायचंच असेल तर उलटं चाला. पाण्यात पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारायचे नाहीत, कमरेपासून, सरळ, संथ. गाइडला आधी विचारा पाण्याला ओढ कुठल्या बाजूला आहे. जाताना ओढीच्या उलट जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच आपल्याला बोटीकडे आणतं. जोडीदार ठरवा आणि दर थोड्या वेळाने डोकं वर काढून तो आणि बोट दोन्ही कुठे आहेत ते बघा. ज्यांना हार्टचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी मुंबईतच डॉक्टरांशी बोला, स्नॉर्कलिंग दिसतं निवांत पण नळीतून श्वास आणि पायांची मेहनत, शरीराला श्रम होतातच.

पोहता न येणाऱ्यांनी आधीच तसं सांगा, लाजू नका. बऱ्याच बोटींवर गाइड दोरी बांधलेली रिंग घेऊन उतरतो आणि रिंग धरलेल्यांना हळूहळू फिरवतो. माझी गिरगावची मावशी, साठी उलटलेली, पोहणं शून्य, पण पूलमध्ये श्वासाची प्रॅक्टिस केलेली. रिंग दोन्ही हातांनी घट्ट पकडून तिने चेहरा पाण्यात घातला आणि बराच वेळ वर काढलाच नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा मान वर करून म्हणाली, “थांब गं, तो निळा मासा दगड खातोय, कर्रकर्र आवाज येतोय, तू पण ऐक.” तो पॅरटफिश होता. चोचीसारख्या दातांनी तो मेलेल्या प्रवाळांवरचं शेवाळ खरवडतो, त्यासोबत चुना गिळतो आणि तो वाळू होऊन बाहेर पडतो, आपण ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर फोटो काढतो त्यातली बरीच वाळू अशी बनलेली असते. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे तर घोळक्याने तुमच्याभोवती येतील. ब्रेड टाकू नका, कुणी दिला तरी.

आणि प्रवाळांवर उभं राहू नका. कितीही दमलात तरी. तो दगड वाटतो पण ती जिवंत वसाहत आहे, बारीक बारीक प्राण्यांची, आणि कित्येक जाती वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर एवढ्याच वाढतात, तुमच्या फिनच्या एका फटक्याने मोडलेली फांदी भरून यायला वर्षं जातात. समुद्र तापल्यामुळे त्यांचं आधीच हाल चाललंय, १९९८ मध्ये जगभर मोठं ब्लीचिंग (उष्णतेने प्रवाळ पांढरे पडणं) झालं आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं. हे काही लांबचं प्रकरण नाही, आपल्या हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, कोस्टल रोडच्या कामात २०२० साली काही उचलून दुसरीकडे लावले होते. शिवाय स्वतःच्या पायांचाही विचार करा, तिथे सी अर्चिन या गोल काटेरी प्राण्याचे काटे असतात आणि स्टोनफिश हुबेहूब दगडासारखा बसलेला असतो, त्याचा काटा अतिशय विषारी. उथळ पाण्यात चालताना जाड तळाचे वॉटर शूज हवेतच. दमलात तर पाठीवर वळा, जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं, हात वर करून गाइडला बोलवा.

जेवण बहुतेक बार्बेक्यू असतं, चिकन, मासे, सॅलड, ब्रेड. शाकाहारी किंवा जैन असाल तर बुकिंग करताना सांगा आणि सकाळी बोटीवर चढताना परत सांगा, ग्रिल एकच असते म्हणून आधी भाज्या भाजून द्यायची विनंती करा, ते करतात. खाकऱ्याचं पाकीट जवळ असू द्या. रम आणि बिअर बऱ्याच ट्रिपमध्ये धरलेली असते आणि ती सकाळीच समोर येते. स्नॉर्कलिंग पूर्ण होईपर्यंत हात लावू नका, आणि गोळी घेतली असेल तर त्या दिवशी अजिबातच नाही. पाणी मात्र सारखं पीत राहा.

बॅगेत टॉवेल, कोरडे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, आणि फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच. पाऊच आधी घरी टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून ठेवा, टिश्यू कोरडा राहिला तरच त्यात फोन घाला.

हॉटेलवर परतलात की मास्क आणि नळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, ओली तशीच डब्यात बंद केली तर बुरशी धरते. कानात पाणी राहिलं असेल तर मान वाकवून निथळू द्या, बड घालू नका. दुसऱ्या दिवशी विमान असलं तरी स्नॉर्कलिंगला काही अडचण नाही, थांबायचा नियम स्कूबासाठी, म्हणजे हवेचं सिलिंडर लावून खोल पाण्यात जाण्यासाठी, असतो.