कॉलेजसाठी लॅपटॉप आत्ता घ्यायचा की थांबायचं, हे कसं ठरवायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोनंतर पुढचा मेसेज ठरलेला, "दादा, लॅपटॉप कुठला घेऊ?" मग कुठला यावर सगळे दोन दिवस बोलतात, ज्याला साधा प्रिंटर जोडता येत नाही तोही बोलतो, पण कधी घेऊ हे कोणी विचारत नाही. मावसबहिणीच्या पोराने मे महिन्यातच घेऊन टाकला होता, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाच जाणार म्हणून चांगला अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप, वर अर्ध्या विटेएवढा चार्जर वेगळा. प्रवेशाच्या कॅप फेऱ्या संपल्या तेव्हा साहेब बी.फार्मला. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमधे ते धूड घेऊन कोण चढणार, म्हणून ते घरच्या टेबलावरच असतं, म्हणजे डेस्कटॉपच झाला, फक्त महागडा.

तर पहिली गोष्ट, अ‍ॅडमिशन कन्फर्म झाल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका. शाखा बदलली की मशीनची गरजच बदलते. आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात हे लोक विसरतात. मे मधे घेतला आणि कॉलेज ऑगस्टच्या शेवटी सुरू झालं की एका वर्षाच्या वॉरंटीतले तीन महिने सीरियल बघण्यात गेले.

१. लॅपटॉप खरंच कुठल्या तारखेला लागणार ते काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून यावर जरा वेळ घालवा. कॉलेजच्या माहितीपत्रकात "विद्यार्थ्याकडे लॅपटॉप असणे अपेक्षित" असं लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा सेकंड इयरचा पोरगा पकडा आणि एकच विचारा, लॅपटॉप नव्हता म्हणून तुझं सबमिशन पहिल्यांदा कधी अडलं? जे उत्तर येईल ती तुमची तारीख.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सुरुवातीचे आठवडे इंडक्शनमधे जातात, मग एम-वन (म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित), ग्राफिक्स, वर्कशॉप, जर्नल लिहिणं. प्रोग्रामिंग असलं तरी प्रॅक्टिकल लॅबमधल्या पीसीवर होतं, आणि सी भाषेचे छोटे प्रोग्राम तर ऑनलाइनजीडीबी सारख्या साइटवर ब्राउझरमधेच चालतात, अगदी मोबाइलवरसुद्धा (डोळ्यांची वाट लागते पण चालतात). म्हणजे बऱ्याच जणांचं पहिलं सेमिस्टर लॅपटॉपशिवाय निघू शकतं. आर्किटेक्चरला बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष टी-स्क्वेअर घेऊन हाताने शीट काढायचं, सॉफ्टवेअर नंतर, आणि तेव्हा जे मशीन लागतं ते आत्ता घ्याल त्यापेक्षा बरंच दणकट. याउलट बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, अ‍ॅनिमेशन, डिझाइन यांना पहिल्या महिन्यातच लागतो, त्यांनी दसऱ्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. बीकॉम आणि सीए वाल्यांना एक्सेल आणि टॅली पुरे, साधा विंडोज लॅपटॉप बास. आणि मेडिकलला गेलेल्यांनी मला विचारूच नये, टॅबवर पीडीएफ वाचा.

होस्टेलला राहणार असाल तर ती तारीख महिनाभर अलीकडे आणा, कारण घरचा कॉम्प्युटर, काकांचा लॅपटॉप, शेजारचं सायबर कॅफे हे सगळं मागे राहिलेलं असतं.

२. थांबताय तर नक्की कशासाठी थांबताय ते एका वाक्यात लिहा

वाक्य लिहिता आलं नाही तर तुम्ही थांबलेले नाही, नुसते टाळताय. साधारण तीनच कारणं निघतात.

एक म्हणजे सेल. ऑनलाइनवाल्यांचे मोठे सेल जुलैत, पंधरा ऑगस्टच्या आसपास आणि मग नवरात्र ते दिवाळी. सूट खरी असते, पण गणित करा. कार्डावर दहा टक्के असं ठळक लिहितात आणि बारीक अक्षरात कमाल मर्यादा असते, ती समजा चार हजार असली तर पन्नास हजाराच्या लॅपटॉपवर ते आठच टक्के झाले, आणि ते कार्ड घरात कोणाकडे आहे का हा पुढचा प्रश्न. आजची किंमत खरंच जास्त आहे का ते बघायला कीपा किंवा बायहटके या साइटवर त्या मॉडेलचा किमतीचा आलेख बघा, कधीकधी सेलच्या आधी किंमत चढवून मग खाली आणलेली त्यात सरळ दिसते. नो कॉस्ट ईएमआय पण फुकट नसतो हो, व्याजाएवढी सूट आधी देतात पण बँक व्याज लावतेच, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्या खिशातून जातो आणि बऱ्याच वेळा प्रोसेसिंग फी वेगळी.

मी स्वतः एक नियम ठेवलाय, सेलला जेवढे दिवस थांबायचंय त्या दिवसांत लॅपटॉपशिवाय काम चालणार असेल तरच थांबायचं. चार हजार वाचवायला दोन सबमिशन दुसऱ्याच्या मशीनवर रात्री दोनला करायची, हा स्वस्तातला सौदा नाही.

दुसरं कारण, टॅक्स कमी होईल. २०२५ मधे पंधरा ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी करणार म्हणून ऐकलं आणि आमच्या सोसायटीतले एक काका मुलीच्या लॅपटॉपसाठी हटून बसले, आता दिवाळीलाच. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले, मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, तो तिथेच राहिला. तोपर्यंत त्यांनी निवडलेलं मॉडेल संपलं होतं, त्याच्या जागी आलेलं महाग. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. एवढ्या दिवसांत पोरगी बिचारी भावाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर जावा शिकत होती.

तिसरं, नवीन प्रोसेसर येतोय. तो कायम येतच असतो. जानेवारीत लास वेगासला सीईएस या प्रदर्शनात घोषणा होतात, मग मे-जूनच्या सुमाराला तैपेईत कॉम्प्युटेक्स हे दुसरं, आणि तो माल आपल्याकडे बजेट लॅपटॉपमधे यायला आणखी काही महिने. त्याचा खरा फायदा असा की जुनं मॉडेल थोडं स्वस्त होतं, म्हणून नव्यासाठी नाही, गेल्या वर्षीच्यासाठी थांबलात तर समजू शकतो.

३. रॅमचं आधी बघा, कारण जुना सल्ला आता तितकासा चालत नाही

इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगायचो, आत्ता ८ जीबी रॅमवाला घे, वर्षाने दोनेक हजारात आणखी ८ टाकू. २०२५ च्या शेवटापासून ते गणित बिघडलं. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि आपल्या लॅपटॉपमधल्या साध्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मधे क्रुशियल हा आपला दुकानात मिळणारा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे थांबलं की स्वस्त होतं हे गृहीत धरू नका, आणि बजेटमधे बसत असेल तर एकदम १६ जीबी वालाच घ्या.

नाहीच बसला तर निदान रॅमची जागा मोकळी आहे का ते तपासा. दुकानात डेमोला ठेवलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली "स्लॉट्स यूज्ड" दिसेल. दोनपैकी एक असं असेल तर ठीक. पण बोर्डावर सोल्डर केलेली रॅमही तिथे स्लॉटसारखीच मोजलेली दिसू शकते, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर एकदा खात्री करा. सेल्समन "होईल की मॅडम, वाढवता येते" म्हणतो, त्याला काय, तो वाढवायला येणार नाहीये.

जाता जाता प्रोसेसरचंही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा ७००० सिरीजचा नंबर बघताना तिसरा आकडा बघा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ ही पिढी, डिझाइन जुनं, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. दोन्हीवर रायझन ५ असंच लिहिलेलं, बॉक्स सारखेच, आणि सेलमधे जो एकदम स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा पहिला असतो.

४. थांबायचं ठरलं तर मधल्या दिवसांची सोय करा

सोय केली नाही की सप्टेंबरमधे घाबरून जो समोर दिसेल तो उचलला जातो, ते सगळ्यात वाईट. घरात जुना लॅपटॉप धूळ खात असेल तर त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, फरक लगेच जाणवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा त्यावर विंडोजऐवजी सरळ लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टम टाका, सी आणि पायथन शिकायला उलट बरं. पैसे देऊन रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) घेणार असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानातून, तर आठव्या जनरेशनच्या खाली उतरू नका आणि बॅटरी किती टिकते ते तिथेच अर्धा तास चार्जर काढून बघा.

५. आत्ता घ्यायचं ठरलं तर मागे वळून बघू नका

तारीख महिन्याच्या आत असेल आणि शाखा पक्की असेल तर घ्या, पुढच्या सेलच्या जाहिराती बघणं बंद करा. शाखेचं सॉफ्टवेअर एकदा विचारून घ्या, सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत, मेकॅनिकल आणि आर्किटेक्चरवाल्यांनी मॅकबुकचा मोह आवरावा. ऑटोकॅडसाठी पैसे भरू नका, विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठीही आधी कॉलेजच्या मेल आयडीवर मिळतंय का बघा.

ऑनलाइन मागवला तर ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडा आणि बॉक्स उघडून लॅपटॉप सुरू करून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, डिलिव्हरीवाला कितीही घाईत असला तरी. बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. मग कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा, डेमोचा किंवा दोन महिने आधी विकलेला पीस असेल तर तिथे कळतं. चुकीची तारीख दिसली तर बिल दाखवून लगेच दुरुस्त करून घ्या, आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल तर दिवाळीपर्यंत कोरं होतं.