फ्रान्सचे प्रादेशिक संगीत ऐकायला सुरुवात कशी करावी

फ्रेंच संगीत म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना पॅरिसचा अॅकॉर्डियन किंवा एदित पियाफचा आवाज आठवतो. ते संगीत थोरच आहे, पण तेवढ्यावरच थांबले तर उरलेला देश कानांवर पडतच नाही. म्हणून राजधानीऐवजी एखादा प्रदेश निवडावा, एका वेळी एकच घ्यावा, आणि शब्दांच्या अर्थामागे लागण्याआधी त्या सुरांवर पावले कशी पडतात ते समजून घ्यावे, कारण ग्रामीण फ्रान्सचे बरेचसे संगीत नाचासाठीच घडले आहे. फ्रेंच येत नाही म्हणून संकोच करण्याचेही कारण नाही; यातली अनेक गाणी ब्रेतों, ऑक्सितान किंवा कॉर्सिकन भाषांत आहेत आणि ती पॅरिसकरांनाही सहसा कळत नाहीत.

सुरुवात वायव्येच्या ब्रेतान्यपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. तेथील ‘कान हा दिस्कान’ हा गायनप्रकार वाद्याविना, दोन गायकांनी गायचा असतो. पहिला गायक एक ओळ म्हणतो; तिची शेवटची काही अक्षरे उरली असताना दुसरा त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो आणि मग तीच ओळ एकट्याने पुन्हा म्हणतो; तिच्या शेवटाला पहिला परत येऊन मिळतो. शाहिरामागे झील धरणारे ऐकलेल्या कानांना हे परके वाटणार नाही, मात्र येथे दोघांचा वाटा जवळजवळ बरोबरीचा असतो. ऐकताना शब्द सोडून द्यावेत आणि दोन आवाज एकमेकांवर नेमके कोठे चढतात तेवढेच टिपावे. त्या जागी श्वासाची फट राहत नाही, म्हणून साखळीत हात धरून नाचणाऱ्यांची पावले अडखळत नाहीत. बोंबार्द आणि बिन्यू या वाद्यांच्या जोडीतही हेच तत्त्व आहे: सनईच्या कुळातल्या बोंबार्दला दम फार लागतो, म्हणून तिचा वादक एका ओळीनंतर विसावतो, तर पिशवीत हवा साठवणारा बिन्यू एक सप्तक वरून तीच चाल अखंड वाजवत राहतो.

हे गायन शेतकऱ्यांच्या कामानंतरच्या नाचांत रुजलेले होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते विरत चालले होते. १९५० च्या दशकात ब्रेतों गायक लोएझ रोपार्स यांनी ‘फेस्ट-नोझ’, म्हणजे रात्रीचा सामुदायिक नाच, नव्या रूपात सभागृहांत आणला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. डोंगराळ भागातला ‘गावोत’ हा नाच वाजत असेल तर एकच नाच ऐकून थांबू नये. गावोत, मग थोडा निवांत असा ‘बाल’ हा नाच, मग पुन्हा गावोत अशी सलग मालिका ऐकावी, म्हणजे मधल्या विसाव्यानंतर लय पुन्हा कशी पेट घेते ते जाणवते.

दुसरा मुक्काम मध्य फ्रान्समध्ये करावा. येथे बूरे हा नाच मुख्य आहे आणि त्याचा ताल हीच प्रदेशाची खूण: ओव्हेर्न्यमध्ये तो तीन मात्रांचा, तर उत्तरेकडच्या बेरीमध्ये प्रामुख्याने दोन मात्रांचा असतो, त्यामुळे टाळी देत ऐकल्यास फरक लवकर कळतो. बेरीचे व्हिएल हे वाद्य मुद्दाम लक्ष देऊन ऐकावे. राळ लावलेले लाकडी चाक उजव्या हाताने फिरवून तारांवर घासले जाते, डावा हात पट्ट्या दाबून चाल काढतो, आणि मनगटाला झटका दिला की एका तारेखालची सैलसर घोडी थरथरून गुणगुणते. एकाच वादकाकडून चाल, अखंड आधारसूर आणि ताल या तिन्ही गोष्टी अशा मिळतात. ओव्हेर्न्यचे वाद्य मात्र काब्रेत, म्हणजे काखेतल्या भात्याने हवा भरली जाणारी मशक. एकोणिसाव्या शतकात पोटासाठी पॅरिसला गेलेल्या तेथील पाणके आणि कोळसा विकणाऱ्या लोकांनी ती सोबत नेली. पुढे तेथल्या रू द लाप या रस्त्याच्या परिसरातल्या नाचघरांत इटालियन वादकांच्या अॅकॉर्डियनशी तिची गाठ पडली आणि ‘बाल म्युझेत’ हा पॅरिसचा नाचसंगीताचा प्रकार जन्माला आला. म्हणजे पॅरिसची म्हणून आपण ओळखतो ती चालही मुळात खेड्यातून आलेल्या कष्टकऱ्यांची आहे.

आग्नेयेच्या प्रोव्हान्समध्ये एकच वादक डाव्या हाताने तीन भोकांची गालुबे बासरी आणि उजव्या हाताने ढोल वाजवतो, तेवढे ऐकून पुढे जाता येईल. कॉर्सिका बेटाला मात्र सवड द्यावी. तेथील ‘पाघ्येल्ला’ हा गायनप्रकार तीन आवाजांत गातात: ‘सेगोंदा’ चाल सुरू करतो, ‘बास्सू’ खालून आधार देतो आणि ‘तेर्त्सा’ सर्वांत वरून हरकती घेतो. २००९ मध्ये युनेस्कोने हे गायन तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. एका फेरीत एकच आवाज धरून, असे तीनदा ऐकावे.

ध्वनिमुद्रणे शोधताना फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या डिजिटल संग्रहातून सुरुवात करावी. भाषाभ्यासक फेर्दिनां ब्रूनो यांनी १९१२ आणि १९१३ मध्ये आर्देन, बेरी व लिमूझँ भागांत फिरून टिपलेले आवाज तेथे ऐकता येतात. ब्रेतान्यसाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘दास्तुम’ या संस्थेचा संग्रह सर्वांत उपयोगी. शोधताना गायकाऐवजी नाचाचे आणि भागाचे नाव वापरावे. जुने, साथीविना गायलेले ऐकून झाल्यावरच ब्रेतों हार्पवादक आलां स्तिव्हेल यांचा १९७२ चा पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातील कार्यक्रम लावावा, म्हणजे हार्प आणि विजेवरच्या गिटारीने त्या चालींत काय वाढवले आणि काय तसेच राखले ते स्वतःच्या कानांनी पारखता येईल.