पालेभाजीवरचं औषध घालवायचं कसं, आणि कुठलं धुऊन जातच नाही

पालक, मेथी, कोथिंबीर ही महिना-दीड महिन्यात काढणीला येणारी पिकं, आणि मावा नाहीतर अळी पडली की काढणी तोंडावर आलेली असतानाच फवारणी होते. शिवाय आपण खातो तेच पान, सोलून फेकायला साल नाही, म्हणून पालेभाजीला जास्त जपायचं.

आधी जुडी सोडा. मुळं, माती, पिवळी पानं काढा, कोबी असेल तर वरची दोन-तीन पानं सरळ टाकून द्या. चिरायचं मात्र धुतल्यावरच, आधी चिरलं तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात आणि वरची घाण सुरीने आत जाते.

मग मूठ-मूठ भाजी नळाखाली धरून पानं दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चोळायची, निदान अर्धा मिनिट. अमेरिकेत कनेटिकटमध्ये असंच नुसत्या नळाच्या पाण्याने धुऊन बघितलं तर १२ पैकी ९ कीटकनाशकं कमी झाली, आणि गंमत म्हणजे औषध पाण्यात विरघळणारं आहे की नाही याने काही फरक पडला नाही, काम करतो तो पाण्याचा धक्का आणि चोळणं. नुसतं पातेल्यात बुडवून काढलं तर तो धक्का मिळत नाही.

खायचा सोडा वापरायचा तर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे, १२-१५ मिनिटं भिजवा आणि परत नळाखाली धुवा. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर हे प्रमाण वापरलं होतं, सालीवरची दोन औषधं निघाली पण त्यातल्या एकाचा साधारण २० टक्के भाग आत मुरलेला होता तो तसाच राहिला. भांड्यांचा साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, पान तो शोषून घेतं.

हे मुरलेलं औषध हीच खरी काळजी. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात जातं, ते कितीही धुवा निघत नाही, ते कमी होतं फक्त दिवस गेल्यावर. म्हणूनच भाजीत जास्तीत जास्त किती औषध उरलेलं चालेल याची मर्यादा ठरवलेली असते, एमआरएल म्हणतात तिला. ज्या औषध-पिकाच्या जोडीला वेगळा आकडा नाही तिथे आपल्याकडे एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, भाजीला किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरते, म्हणजे शंभर टन भाजीत मिळून एक ग्रॅम! धुणं घरचं काम आहे, पण ही मर्यादा पाळली जाते ती शेतातच.

त्यामुळे गच्चीत किंवा शेतात तुम्ही स्वतः लावत असाल तर बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा, त्यात तुमच्या पिकाचं नाव आहे का बघा, आणि फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, भाव चढलाय म्हणून दोन दिवस आधी कापू नका. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक तर भाजीपाल्यावर २००५ पासून बंद आहे, कपाशीचं उरलंय म्हणून मेथीवर मारायचं नाही. आणि विकत घेताना शेतकरी स्वतः बसलेला असेल तर सरळ विचारा, दादा, शेवटचं औषध कधी मारलं होतं?