डबा घसरला की आधी हात मागे घ्या

मॉडेल गाडीचा डबा घसरला की आपला हात आपोआप पुढे जातो. तो आवरा. कंट्रोलरची नॉब शून्यावर आणा आणि गाडी आहे तशीच पडू द्या. डबा उचलून रुळावर ठेवायला फारसा वेळ लागत नाही, पण तेवढ्यात पुरावा पुसला जातो आणि तोच डबा उद्या त्याच जागी पुन्हा घसरतो.

मोठ्या रेल्वेत अपघाताची चौकशी होते तेव्हा दोन जागा वेगवेगळ्या शोधतात. चाकाची फ्लँज, म्हणजे आतली उंच कड, रुळाच्या माथ्यावर चढली ती एक जागा. चाक माथ्यावरून खाली पडलं ती दुसरी. मधलं अंतर चाक माथ्यावरून चालत गेलेलं असतं. आपल्याला दिसते ती तिसरीच जागा, गाडी थांबली ती. दोष बहुतेक वेळा पहिल्या जागेत असतो, आणि टेबलावरच्या गाडीचंही अगदी असंच असतं.

मी मिरजेत मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. मॉडेल रेल्वेचं वेड आमच्या जंक्शनमुळेच लागलं. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, तिन्ही गाड्या एके काळी मिरजेत यायच्या. माझ्या टेबलावर त्यातल्या दोन आहेत. मोठी गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. नॅरोगेजला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणून तिच्यासाठी एन गेजचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक वापरतो. पुढची मापं एचओची धरून चाला.

तर घसरलेल्या गाडीजवळ वाकून बघा. प्लॅस्टिकच्या स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर, फ्लँजचे बारीक ओरखडे उमटतात, टॉर्च आडवा धरला की ते चमकतात. ओरखडे सुरू होतात तिथे चाक पडलं. चढलं ते त्याच्या अलीकडे, आणि ते शोधायला मोबाईलसारखं साधन नाही. मोबाईल रुळाच्या उंचीवर आडवा ठेवा, स्लो मोशन लावा आणि गाडी पुन्हा हळू सोडा.

साताऱ्याला शाहूपुरीत माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे स्लीपर क्लासचा डबा बोगद्याच्या तोंडाशी घसरायचा. बोगदा फोडून आतले रूळ नव्याने बसवायचे, असं त्यांनी ठरवलंच होतं. स्लो मोशनमध्ये बघितलं तर पुढच्या बोगीचं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याचं, बाहेरचं चाक बोगद्याच्या चांगलं वीतभर अलीकडे, वळणातल्या एका जोडावर उडत होतं. तिथून ते रुळाच्या माथ्यावर चढून सरळ बोगद्यापर्यंत जायचं आणि तोंडाशी पडायचं. जोडावर बोट फिरवलं तर काही जाणवेना. नख फिरवलं तेव्हा अडकलं. रुळाचा पाय जॉइनरच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या तुकड्याच्या, आत जायच्या ऐवजी त्याच्यावर चढून बसला होता, त्यामुळे ते टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आलं होतं. जॉइनर बदलला, टोकाची आतली धार बारीक कानशीने किंचित मोडली, काम झालं. बोगद्याला हातही लावावा लागला नाही.

दोष कुठे शोधायचा याचा एक ठोकताळा सांगतो. एकच डबा टेबलावर कुठेही घसरत असेल तर दोष डब्यात. सगळेच डबे एका जागी घसरत असतील तर दोष रुळात. एकच डबा एकाच जागी घसरत असेल तर दोघांतही थोडाथोडा दोष असतो, आणि अशा वेळी दोन्ही दुरुस्त करावे लागतात. लोक डबा ठीक करून थांबतात आणि महिन्याभराने दुसरा डबा तिथेच पडतो.

डब्यात पहिल्यांदा चाकांमधलं आतलं अंतर मोजा. एचओला ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. प्लॅस्टिकच्या आसावरची चाकं सरकतात आणि हे अंतर कमी-जास्त होतं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा गेज नावाची पत्र्याची पट्टी मिळते, तिच्यावर चाकं, रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा) सगळं तपासता येतं. ती नसेल तर व्हर्निअर चालतो, आणि कुपवाड एमआयडीसीत काम करणारा कुणीतरी ओळखीचा असतोच. दोन्ही चाकं थोडी फिरवत, सरळ ओढून जागेवर आणा. पक्कड लावू नका, चाकाच्या कडेला खाच पडते आणि मग ते प्रत्येक सांध्यावर उडतं.

दुसरी गोष्ट वजन. हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन कलंडतो, विशेषतः तो इंजिनाच्या लगेच मागे असेल आणि मागे लांब, जड गाडी असेल तर. गाडी मागे ढकलताना तोच डबा बाहेर फेकला जातो. एनएमआरएची शिफारस अशी: एक औंस, आणि लांबीच्या दर इंचाला आणखी अर्धा औंस. आपला आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचा प्रवासी डबा, बफरपासून बफरपर्यंत २२.३ मीटर, एचओत २५.६ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास १० इंच. त्याला ६ औंस, साधारण १७० ग्रॅम वजन हवं. बाजारातले बरेच डबे याहून हलके असतात. टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगसाठी चिकटवायची लोखंडी वजनं मिळतात, ती डब्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या मधोमध समान वाटून लावा. वजन उंचावर लावलं तर डबा उलट जास्त कलंडतो. घरात लहान मुलं असतील तर शिसं वापरू नका.

वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीच-तीनपट ठेवा. आयसीएफला ती ६५ ते ७५ सेंटीमीटर येते. ट्रेनसेटच्या खोक्यात बहुतेक १८ इंचांचं, म्हणजे ४६ सेंटीमीटरचं वळण येतं. त्यावर छोटे मालडबे छान पळतात, लांब प्रवासी डबे नाहीत. हे आधी माहीत असलं की पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

प्लॅटफॉर्मला घासून पडणं हा प्रकारही मोजमापातलाच. वळणावर लांब डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. त्यात ब्रिटिश ओओ मापाचे डबे १:७६ चे असतात पण त्याच १६.५ च्या रुळावर चालतात, त्यामुळे ते एचओपेक्षा मोठे भरतात. संग्रहात दोन्ही असतील तर प्लॅटफॉर्म, सिग्नल किंवा बोगद्याचं तोंड चिकटवण्याआधी सगळ्यात लांब-रुंद डबा घ्या, त्याच्या मधोमध आणि कोपऱ्यावर पेन्सिलीचे तुकडे चिकटवा आणि हाताने तो हळूहळू वळणावरून ढकला. प्लायवर दोन रेघा उमटतील. त्या रेघांच्या आणखी तीन-चार मिलिमीटर बाहेर बांधकाम करा.

सांध्यांबद्दल एवढंच सांगतो, की खडी चिकटवताना फेविकॉलचं पाणी सांध्याच्या पात्यांखाली जाऊ देऊ नका. खडीचा एक कण पातं आणि मुख्य रूळ यांच्या मध्ये अडकला तरी फ्लँज त्या फटीत घुसते आणि पुढची बोगी एका रुळावर, मागची दुसऱ्यावर जाते. खडी टाकून झाल्यावर सांध्यांमधून मऊ ब्रश फिरवायचाच.

आता चढ. आपल्याकडच्या माणसाला टेबलावर पुणे-मिरज मार्गावरचा आदर्कीचा घाट करायचा मोह होतोच, मलाही आहे. चढ दोन टक्क्यांच्या आत ठेवा, मीटरला दोन सेंटीमीटर. घाटातला खरा अपघात म्हणजे कपलिंग सुटून मागचे डबे उलटे धावत येणं. कपलिंग एकाच उंचीवर नसली की चढ सुरू होतो तिथे एक वर जातं, दुसरं खाली, आणि ती निसटतात. उंचीचा गेज विकत मिळतो, तो घ्याच. कपलिंगखाली वाकडी तार असेल तर ती रुळाच्या माथ्याला लागत नाही ना हेही बघा, ती सांध्यात अडकून अख्खी गाडी आडवी करते. घाटाच्या पायथ्याशी लगेच वळण किंवा सांधा ठेवू नका. निदान एका गाडीइतका सरळ रूळ असला तर पळत आलेले डबे उभेच राहतात.

उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये रूळ अचानक वाकडे झाले असं सांगणारे पुष्कळ भेटतात. निकेल सिल्व्हरचा तीन मीटर रूळ तापमान २५ अंशांनी वाढलं की साधारण सव्वा मिलिमीटर वाढतो. पहाटेच्या थंडीत घट्ट जोडलेला रूळ दुपारी कुठे जाणार? जोडात व्हिजिटिंग कार्ड मावेल एवढी फट ठेवा. प्लायच्या सगळ्या कडांना वॉर्निश मारा, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आकसतं, आणि तोही ताण रुळांवरच येतो.

विजेचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. साध्या डीसी कंट्रोलरवर शॉर्ट झाला तर तो सहसा एका अँपिअरच्या आसपास बंद पडतो, नुकसान कमी. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत. तिचा बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा भाग, मात्र तीन ते पाच अँपिअर देतो. १४ व्होल्टला ४ अँपिअर म्हणजे ५६ वॉट, २५ वॉटच्या दोन सोल्डरिंग इस्त्र्यांहून जास्त उष्णता, आणि ती एका चाकाच्या टोकाशी साठते. बोगीचं प्लॅस्टिक वितळायला तेवढी पुरे. घसरलेला डबा आडवा पडून दोन रूळ जोडतो, तेव्हा बूस्टर लगेच ट्रिप व्हायलाच हवा. तो होतो का हे नाण्याने तपासा. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर टेकवा, टेबलाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सुद्धा. ट्रिप झाला नाही तर नाणं लगेच काढा. तुमची वायर बारीक आहे, तिच्यात व्होल्टेज पडतं आणि शॉर्टचा करंट ट्रिपच्या मर्यादेखालीच राहतो. टेबलाखालून दीड स्क्वेअर एमएमची मुख्य वायर फिरवा आणि दर मीटरला रुळाशी जोड द्या. गाडी वळून त्याच रुळावर उलटी परत येते असा लूप असेल तर तिथे शॉर्ट होणारच, त्याला दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत इन्सुलेटेड जोड आणि डीसीसीला ऑटो रिव्हर्सर लागतो.

वीज गेल्यावरचा अपघात आपल्या भागात फार होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नॉब अर्ध्यावर असताना लाइट गेली, माणूस चहा प्यायला उठला, लाइट आली आणि गाडी एकदम सुटली, समोर कुणी नाही. विहिरीवरच्या पंपाला स्टार्टर असतो. त्यातली नो व्होल्ट कॉइल लाइट जाताच सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार परत चालू होत नाही. टेबलाला तेच करा. अ‍ॅडॅप्टर आणि कंट्रोलर यांच्या मध्ये अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टेजचा एक रिले घाला, एक हिरवं बटण, एक लाल, आणि रिलेचाच एक कॉन्टॅक्ट होल्डिंगला, म्हणजे बटण सोडल्यावरही रिले धरून ठेवायला. अ‍ॅडॅप्टर डीसी असेल तर रिले डीसी, एसी असेल तर एसी. सामान कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. काम अ‍ॅडॅप्टरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूलाच करा, २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम, पण ते पेटतं. वीज बंद, खिडकी उघडी, आणि पूर्ण वाळल्यावरच गाडी. पेट्रोल कधीही नको.

खाली फरशीवर पडणं ही सगळ्यात महागडी दुर्घटना. रूळ कडेपासून हातभर आत नसेल तर कडेला तीन मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिकची पाच-सहा सेंटीमीटर उंच पट्टी लावा. दारात उचलता पूल असेल तर त्याच्याखाली मायक्रोस्विच बसवा. पूल उचलला की दोन्ही बाजूंच्या शेवटच्या रुळांची वीज तुटली पाहिजे. हा मृत भाग लांब ठेवा. काही डीसीसी इंजिनांत कपॅसिटर असतो, ती वीज गेल्यावरही काही अंतर चालत राहतात, तेव्हा तुमचं सगळ्यात जास्त सरकणारं इंजिन लावूनच अंतर मोजा.

पडलेलं इंजिन लगेच चालवून बघू नका. जागच्या जागी पांढरा पंचा अंथरा, तुकडे गोळा करा, लोहचुंबक कापडात गुंडाळून फरशीवरून फिरवा म्हणजे बारीक स्क्रू सापडतात. मग कवच काढा. मोटारचा शाफ्ट हाताने फिरवा, मऊ फिरला पाहिजे. आतलं वजन सुटून गिअरला टेकलंय का, वायर चिमटीत आलीय का, चाकांचं अंतर बदललंय का, ते बघा. नंतरच कमी व्होल्टेज द्या, आणि जळका वास आला तर थांबा.

सांगलीकरांसाठी एक वेगळा धोका लिहायलाच हवा. तळमजल्यावर टेबल असेल तर ते पहिल्यापासून दोन माणसांना उचलता येईल अशा तुकड्यांत बांधा. तुकड्यांमधल्या वायरींना प्लग लावा, सोल्डर करून जोडू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४० ची बातमी आली की गाड्या खोक्यांत आणि टेबल माडीवर. तरीही एखादं इंजिन बुडालंच तर वाळू देऊ नका, गाळ मोटारीत दगड होतो. कवच काढा, डीकोडर (डीसीसीचे हुकूम वाचणारी इंजिनातली चकती) वेगळा करा, सगळं डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिलने, आणि सावलीत चार-पाच दिवस ठेवा. त्यानंतर मल्टिमीटरने दोन्ही ब्रश आणि चेसिस यांच्यात ओहम मोजा. मूळ वायरिंगमध्ये ब्रश चेसिसला जोडलेला नसेल आणि तरी काही वाचन दिसत असेल, तर आत अजून ओल आहे, आणखी दोन दिवस थांबा.