बर्फ गेला म्हणजे जंगल ओलं, असं नाही: उत्तर अल्बर्टातला वसंत टिपताना या चुका टाळा

एप्रिल सरता सरता कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेला, फोर्ट मॅकमरे शहराच्या आसपास रस्त्याकडेचा बर्फ जातो, डबक्यांतून वुड फ्रॉग ओरडू लागतात, सँडहिल क्रेनचे थवे डोक्यावरून उत्तरेला निघतात. आणि एडमंटन-कॅलगरीहून लांब लेन्सा घेतलेल्या गाड्या हायवे ६३ ला लागतात. त्यांत मराठी मंडळीही असतात. ताडोबात जिप्सी, गाइड आणि गेटची वेळ असा तिहेरी पहारा असतो. इथे यांतलं काहीच नाही, त्यामुळे चूक करायला निघालेल्याला अडवणारंही कुणी नाही. दर वसंतात त्याच त्या चुका दिसतात, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिली आणि सगळ्यात मोठी: वसंताला हिरवा समजणं

आपल्या डोक्यात वणवा म्हणजे फाल्गुन-चैत्रातला सह्याद्री: वाळलेलं गवत, डोंगराच्या सोंडेवरून सरकणारी आगीची रेघ. कॅनडात नुकताच बर्फ वितळलाय, पायाखाली चिखल आहे, मग आग कसली? इथेच लोक फसतात. बर्फ जाणं आणि पालवी फुटणं यांमध्ये तीन-चार आठवड्यांची फट असते. त्या फटीत गेल्या वर्षीचं गवत पेंढ्यासारखं आडवं पडलेलं असतं. ॲस्पेनला पान नसतं, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर उतरतं, आणि तेही दिवसाचे पंधरा-सोळा तास. त्यातच स्प्रूस आणि जॅक पाइनच्या जुन्या सुयांमधला पाण्याचा वाटा वर्षातला सगळ्यात कमी असतो तो याच दिवसांत. झाडं दिसायला हिरवी असतात, पण पेटायला तयार. काळ्या स्प्रूसच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात. गवताची आग त्या शिडीने शेंड्याला चढते आणि मग शेंड्याशेंड्यांवरून धावते. अल्बर्टात वणव्याचा हंगाम १ मार्चला सुरू होतो, तो उगाच नाही.

वणवा विझवणारे लोक एक साधा आडाखा वापरतात, तो पाठ करा. तापमानाचा सेल्सिअसमधला आकडा सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांच्या वर गेला की धोका. २५ अंश आणि २२ टक्के म्हणजे रेघ ओलांडली. सकाळच्या कॉफीबरोबर दुपारचा अंदाज बघा. रेघ ओलांडली जाणार असेल आणि वाराही असेल, तर दोन वाटा असलेल्या जागीच जा. एकच कच्चा रस्ता आत जातो आणि तळ्यापाशी संपतो, अशी जागा त्या दिवशी सोडून द्यायची. घुबड उद्याही तिथेच असतं.

सकाळी धूर दिसला नाही म्हणून निर्धास्त होणं

याचा धडा ३ मे २०१६ ला सगळ्या शहराने घेतला. शहराच्या नैर्ऋत्येला आग १ मेलाच लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फोर्ट मॅकमरेवर आकाश निळं होतं, धूर जवळजवळ दिसत नव्हता. कुणालाही वाटलं असतं की आग बसली. प्रत्यक्षात रात्रीची थंड हवा जमिनीलगत अडकली होती आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलं होतं. अशा झाकणाखाली आग दबून राहते, धूर वर चढत नाही. उन्हाने जमीन तापली, दुपारच्या सुमारास झाकण फुटलं, वरचा वारा खाली आला. पारा ३० च्या पार, हवा कोरडीठाक. संध्याकाळपर्यंत अख्खं शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला. सुमारे ८८ हजार माणसं बाहेर पडली, सुमारे २,४०० इमारती गेल्या. बीकन हिल, अबासँड आणि वॉटरवेज हे भाग सगळ्यात जास्त जळाले. दक्षिणेकडे जायला हायवे ६३ हाच रस्ता होता. त्यावर पेट्रोल संपून गाड्या कडेला बंद पडल्या, काही लोकांना उलट उत्तरेकडच्या तेल कंपन्यांच्या कॅम्पांत जावं लागलं. जळालेलं क्षेत्र शेवटी ५ लाख ८९ हजार हेक्टरांवर पोचलं.

फोटोग्राफरने यातून काय घ्यायचं? टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पंप दिसला की भरायची, किंमत बघत बसायचं नाही. गाडी नेहमी तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायची, आणि वाळक्या गवतावर कधीच नाही. गरम सायलेन्सर पेंढ्याला टेकला की वणवा तुमच्याच गाडीखाली सुरू होतो. खडी किंवा उघडा चिखल शोधा. फोटोंची एक प्रत हार्डडिस्कवर तुमच्याबरोबर, दुसरी वेगळ्या शहरात. दोन्ही डिस्क घरातल्या एकाच कपाटात ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे.

“आपण आगीच्या समोर नाही, बाजूला आहोत” हे आणखी एक फसवं समाधान. या भागात शीत आघाडी (थंड हवेच्या लोंढ्याची पुढची कड) सरकून गेली की वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे वळतो. मग आगीची लांबलचक बगल हेच तिचं तोंड होतं, आणि बाजूला उभे असलेले समोर येतात. अंदाजात दुपारी वारा फिरणार असं लिहिलेलं असेल तर धुराचा फोटो काढायला मुळात जायचंच नाही. मोबाइलवर अल्बर्टा इमर्जन्सी अलर्टचं ॲप घाला, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. हायवे सोडला की रेंज जाते. आग तुम्हीच आधी पाहिलीत तर ३१०-३४७३ ला फोन करा. फोटो आधी, फोन मग, असं करणाऱ्याबद्दल काय बोलावं!

जळक्या जंगलात राख आणि घाई

वणव्यानंतरच्या पहिल्या काही वसंतांत जळक्या स्प्रूसमध्ये काळ्या पाठीचा सुतार येतो, कारण मेलेल्या खोडांत भुंग्यांच्या अळ्या भरलेल्या असतात. काळ्या खोडावर काळा पक्षी, नराच्या डोक्यावर पिवळा ठिपका. या फोटोचा मोह समजण्यासारखा आहे. पण नवखा माणूस गाडीतून उतरतो, पक्ष्याचा ठोका ऐकतो आणि वर बघत चालू लागतो. वर बघत चालायची ही जागा नव्हे.

स्प्रूसची मुळं उथळ असतात, आणि पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात) ती आतून जळून गेलेली असतात. खोड उभं दिसतं, पण खाली त्याला धरणारं काही नसतं. ते पडताना कडाडण्याचा आवाज येईलच असं नाही. म्हणून झुळुकीहून जोराचा वारा असेल तर आत जायचं नाही. उभं राहायचं ते सगळ्यात उंच मेलेल्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर. पायाखालचं आणखी वाईट. बुंधा आणि मुळं जळून गेली की तिथे खड्डा होतो आणि वर राखेचा पातळ पापुद्रा राहतो. पीटमधली धग हिवाळाभर बर्फाखालीही टिकते. फोर्ट मॅकमरेची आग पूर्ण विझल्याचं जाहीर झालं ते २ ऑगस्ट २०१७ ला, म्हणजे पंधरा महिन्यांनी. पांढऱ्या राखेचा पट्टा दिसला की काठीने दाबून बघा, काठी गेली तर वळसा घ्या. बूट चामड्याचे हवेत, सिंथेटिक वितळतात.

आता कॅमेरा. राखेत लेन्स बदलणं हा आमच्या डोळ्यात खुपणारा प्रकार. दोन बॉडी (कॅमेरे) न्या: एकीवर १००-४०० मिलिमीटरची लेन्स, दुसरीवर २४-७० ची, आणि घरी येईपर्यंत हात लावू नका. दुसरी बॉडी नसेल तर एकच लेन्स न्या, फोटो कमी मिळतील, मिळू देत. बदलायचीच वेळ आली तर गाडीत, काचा बंद, पंखा बंद, बॉडीचं तोंड खाली. झूम पुढेमागे करतानाही लेन्स हवा आत ओढते, म्हणून राख उडत असताना फोकल लेंग्थ ठरवून गप्प बसा.

पुसण्याचा क्रम उलटा केला की काच गेलीच समजा. आधी रबरी ब्लोअर, काच खाली करून. मग मऊ ब्रश. मग कपड्यावर द्रावाचा एक थेंब (काचेवर नव्हे) आणि मधून कडेकडे हलका हात. राख खरखरीत असते, कोरड्या कपड्याने घासली तर लेपावर चरे पडतात. शिवाय ती अल्कलीधर्मी, म्हणून ओला लगदा काचेवर वाळू देऊ नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे ठिपके उडतात. दाबलेल्या हवेचा डबाही नको, तो तिरपा झाला की द्रव फेकतो. घरी आल्यावर एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून शंभर टक्के मोठा करून बघा. सेन्सरवरचे डाग तिथे दिसतात.

एक्स्पोजरची चूक त्यामानाने सोपी. काळी खोडं मीटरला फसवतात, तो त्यांना करडं करायला जातो. दोन तृतीयांश ते एक स्टॉप (उजेडाची पायरी) उणे ठेवा. धुरातल्या लाल सूर्याला ऑटो व्हाइट बॅलन्स “दुरुस्त” करून टाकतो, म्हणून ५,५०० केल्विनच्या आसपास बांधून ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तीन रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्र हिस्टोग्राम ठीक दिसतो तेव्हाही लाल रंग फाटलेला, म्हणजे तपशील जाऊन सपाट झालेला असतो. सूर्य धुराने मंद दिसला तरी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, तेही टेलीफोटोवर, त्याच्याकडे रोखून पाहू नका: धूर डोळ्याला दिसणारा उजेड अडवतो, इन्फ्रारेड त्या मानाने पुष्कळ निसटतं. आणि फोटो एडिट करताना धुकटपणा काढायची ती स्लायडर शेवटपर्यंत ओढणाऱ्यांनी सांगावं, धूर नकोच होता तर धुरात गेलात कशाला?

लेन्सला दोष देणं

६०० मिलिमीटरवर सगळे फोटो मऊ येतात, मग लेन्स सेवा केंद्राकडे जाते आणि तशीच परत येते. दोष उन्हाचा असतो. जळकी काळी जमीन सकाळी लवकर तापते, शेजारी तळ्यावर अजून बर्फ असतो, मधली हवा थरथरते. शटरचा वेग कितीही वाढवा, उपयोग नाही. अंतर कमी करा किंवा आवरतं घ्या. मे महिन्यात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि साडेनऊनंतर मावळतो, तेही तिरपा सरकत. सोनेरी उजेड महाराष्ट्रातल्यापेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळतो. दुपारी झोपा.

बाकीच्या, थोडक्यात

पहाटे उणे पाच आणि गाडीत हीटर: कॅमेरा आत घेण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा, तासभर उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं.

डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हाताने कॅमेरा धरू नका, रबर आणि प्लास्टिक विरघळतं. पिकारिडिनवालं घ्या.

मस्केगमध्ये (इथल्या शेवाळी दलदलीत) ट्रायपॉडचे पाय रुततात. पायांखाली रुंद चकत्या लावा, मधला दांडा वर काढू नका.

वसंतातल्या तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजून काही कळत नाही. तो उभ्या कांड्यांत सुटलेला असतो, जाड असूनही मोडतो. वर जाऊच नका.

मूसची (इथल्या भल्यामोठ्या हरणाची) मादी मेच्या उत्तरार्धात वासराला जन्म देते. तिने कान मागे टाकले की झाडामागे जा, पळालात तरी चालेल. अस्वलापासून मात्र पळायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांत मूसपासून ३० मीटर आणि अस्वलापासून १०० मीटर अंतर ठेवायचं असतं. अस्वलाचा स्प्रे कमरेला हवा, बॅगेच्या तळाशी नव्हे. तो विमानातून नेता येत नाही, तिथेच विकत घ्या.

घुबडाला विकतचे उंदीर टाकून उडतानाचा फोटो मिळवणं हा शॉर्टकट नाही, लबाडी आहे. त्याला रस्त्याकडेला बसायची सवय लागते आणि ते ट्रकखाली जातं.

वणव्याजवळ ड्रोन उडवू नका. पाच सागरी मैलांच्या आत ते बेकायदा आहे, आणि ड्रोन दिसला की पाणी टाकणारी विमानं काम थांबवून जमिनीवर उतरवावी लागतात.

हूपिंग क्रेन या दुर्मिळ क्रौंचाची घरटी बघायला वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत रद्द करा, तो भाग लोकांना बंद असतो. स्थलांतराच्या वेळी सस्कॅचवानच्या शेतांतून त्या दिसतात, गाडीतूनच फोटो घ्या.

मे उलटत आल्यावर ऑरोरासाठी (रात्रीच्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी) मुक्काम वाढवू नका. तोवर रात्र पुरती काळी होतच नाही. ऑगस्टच्या अखेरीस परत या.