एसएसएचने शिरताच टीमक्स सुरू, पण अट घालूनच

एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या साधनाने, आत जाताच टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) आपोआप हवा असेल, तर बॅशआरसीच्या (बॅश हा कमांड चालवणारा शेल सुरू होताना वाचतो ती .bashrc फाइल) अगदी शेवटी ‘एक्झेक टीमक्स न्यू-सेशन’ लिहावं, पुढे मोठ्या लिपीतला ए (-A) आणि छोट्या लिपीतल्या एसनंतर (-s) सेशनचं नाव. मोठ्या एमुळे सेशन असेल तर त्यालाच जोडलं जातं, नसेल तर नवं उघडतं.

ही ओळ अटीशिवाय उघडी ठेवू नका. आधी तीन तपासण्या हव्यात: शेल इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून वापरतोय असा) आहे का, एसएसएच-टीटीवाय (SSH_TTY) हे व्हेरिएबल भरलेलं आहे का आणि टीमक्स (TMUX) हे व्हेरिएबल रिकामं आहे का. पहिल्या दोन्ही गाळल्या तर एससीपी, आरसिंक ही फाइली पाठवणारी साधनं अडखळतात, कारण दूरची कमांड चालवतानाही बॅश ही फाइल वाचतो. तिसरी गाळली तर टीमक्सच्या आतला शेल पुन्हा टीमक्स मागतो, टीमक्स नकार देतो, एक्झेकमुळे मागे शेल उरत नाही आणि टीमक्सची चौकट (पेन) मिटून थेट बाहेर!

किटीसारख्या टर्मिनलवरून येताना सर्व्हरवर त्या टर्मिनलचं टर्मइन्फो (टर्मिनलची माहिती देणारी नोंद) नसेल तरीही असंच बाहेर हाकललं जातं. मग एसएसएचला छोट्या टीचा पर्याय (-t) देऊन ‘बॅश --नोआरसी’ चालवा. हा शेल बॅशआरसी न वाचताच आत नेतो. तिथून टर्म (TERM) हे व्हेरिएबल ‘एक्सटर्म-२५६कलर’ करून पाहा.